टाळी ऐकायला वर गेलेले साडू

हैदराबादला येऊन चारमिनार न बघताच परत गेलेल्या मराठी माणसांची कुणी मोजदाद केली, तर त्यातले निम्म्याहून अधिक आमच्या साडूंचे पाहुणे निघतील. हे लोक चारमिनारपर्यंत पोचले नव्हते असं नाही. चांगले पायी चालत गेले होते, कमानीखाली उभे राहिले होते. पण तिथे पोचल्यावर साडू त्यांना चारमिनारच्या दगडी भिंतीला पाठ टेकवून रांगेत उभं करत आणि म्हणत, "आता समोर बघा." समोर काय? बांगड्यांची दुकानं, अत्तराची पेटी घेऊन बसलेला म्हातारा, केळ्यांच्या गाड्या, आणि त्या सगळ्यांतून वाट काढणारी एक रिक्षा. पाहुणे मान वळवून मिनाराकडे बघायला गेले की साडू त्यांची मान हळूच पुन्हा समोर करत. "अहो, पण आम्ही चारमिनार बघायला आलोय," असं एखाद्या वहिनी काकुळतीला येऊन म्हणत. त्यावर साडूंचं उत्तर ठरलेलं असे: "वहिनी, चारमिनारला बघायला इथवर यायची काय गरज? तो कॅलेंडरवर असतो, बिस्किटाच्या डब्यावर असतो. पण चारमिनार काय बघतो, ते कुठल्या डब्यावर आहे?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्काचे, यजमान. मी त्यांना साडूभाऊ म्हणे आणि तेही मला साडूभाऊच म्हणत. त्यामुळे आमचं फोनवरचं पहिलं मिनिट "साडूभाऊ आहेत का?", "हौ, साडूभाऊच बोलतोय, आपण कोण, साडूभाऊ का?" यातच जाई. नल्लकुंट्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावरची नोकरी. दिवसभर दुसऱ्यांचे कागद आत घ्यायचे आणि बाहेर पाठवायचे. पण त्यांचा खरा व्यवसाय पाहुण्यांना शहर दाखवणं हा होता आणि निवृत्तीनंतर तर तो पूर्ण वेळचा झाला. पाहुणे स्वतःचेच असायला हवेत अशी त्यांची अट नव्हती. माझे पाहुणे, शेजाऱ्यांचे पाहुणे, आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांचे पाहुणे, कुणीही चाले. नांदेडहून, लातूरहून, पुण्याहून कुणी येणार अशी कुणकुण लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी साडू दारात हजर. एका खांद्यावर शबनम, दुसऱ्यावर सुतळीने बांधलेली निळ्या पट्ट्यांची सतरंजी. "मेहमान उठले का?"

आता त्यांच्या फोटोंबद्दल. पाहुण्यांचे फोटो तेच काढत, आणि फोटो काढणाऱ्याची पाठ चारमिनारकडे, म्हणून फोटोतल्या माणसांच्या मागे चारमिनार कधीच येत नसे. माझ्या बायकोच्या एका मावशीने मोठ्या हौसेने हैदराबादचा अल्बम केला होता. त्यात पानोपानी मावशी आणि काका ऐटीत उभे आहेत आणि मागे केळी आहेत. पुढे अनेक वर्षं त्यांच्या सोसायटीत लोक "जळगावला गेला होतात का?" असं विचारत. त्या केळेवाल्याशी मात्र साडूंचा घरोबा झाला होता. लांबून बघितलं की तो ओरडे, "क्या चाचा, फिर नवे मेहमान लारैं?" आणि साडू नवरदेवाच्या मामासारखे हात उंचावून दाखवत.

बरं, मनुष्य इतिहासाचा मोठा जाणकार असता तर हे सगळं खपून गेलं असतं. पण इतिहासाच्या बाबतीत साडू अगदी निष्पाप होते. एकदा एका मास्तरांनी विचारलं, "हा कुणी बांधला?" साडू म्हणाले, "कुतुबशहाने." "कुठल्या?" "त्यातल्याच एकाने. घरातलीच माणसं होती ती." मास्तरांनी वही मिटली. साल विचारलं तर साडूंच्या जवळ "बराच आधी" आणि "त्याच्याही आधी" अशी दोनच सालं होती, आणि ती ते आलटून पालटून वापरत.

सालारजंग संग्रहालयात तर त्यांनी कमालच केली होती. तिथे एक मोठं घड्याळ आहे. दर तासाला त्यातून एक इवलासा दाढीवाला माणूस बाहेर येतो, घंटेवर टोले देतो आणि आत जातो. तास भरायच्या आधीपासून समोर गर्दी जमते, लोक बाकांवर बसतात, पोरांना खांद्यावर घेतात. साडू आपल्या पाहुण्यांना त्या गर्दीच्या पुढे नेत आणि घड्याळाकडे पाठ करून गर्दीकडे तोंड करून उभं करत. चारशे माणसं एकीकडे बघताहेत आणि आमचे पाच पाहुणे त्या चारशे माणसांकडे बघताहेत! मागून टोले ऐकू येत आणि समोर ते सगळे चेहरे एकदम उघडत, म्हाताऱ्यांचे, नव्या नवऱ्यामुलींचे, खेड्यातून आलेल्या बायांचे. कुणी तोंडावर हात ठेवी, कुणी शेजाऱ्याला कोपर मारी. साडू हलक्या आवाजात सांगत, "तो आतला माणूस दर तासाला तेच करतो. ही माणसं पुन्हा अशी एकत्र येणार नाहीत." मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हसलो होतो. मग एकदा त्यांच्या शेजारी उभं राहून खरंच त्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि गप्प झालो. पण ते गप्प होणं मी कुणाला सांगितलं नाही. हसणं तेवढं सांगत राहिलो. मला गोष्टी रंगवून सांगायची खोड आहे, आणि हे सगळं लिहायला बसण्याचं कारणही तीच खोड आहे.

जुन्या शहरात जायचं तर ते अफझलगंजला उतरत आणि तिथून पूल ओलांडून चालत नेत. रिक्षाने थेट गेलेलं त्यांना खपत नसे. "नदी ओलांडल्याचं पायांना कळायला नको का? कैकू एवढी घाई?" मुसीला पाणी असो नसो, पुलाच्या मध्यावर ते सगळ्यांना थांबवत. पायगा नवाबांच्या कबरींच्या आवारात, जिथे दगडी जाळ्यांतून ऊन खाली झिरपतं, तिथे ते सुतळी सोडून सतरंजी अंथरत आणि सगळ्यांना बसवत. जाळ्या बघायच्या नाहीत, त्यांची सावली बघायची. ऊन सरकेल तशी नक्षी फरशीवरून सतरंजीवर आणि सतरंजीवरून माणसांवर चढे. "बघा, वहिनींच्या पदरावर आली," साडू आनंदाने सांगत, जणू ती नक्षी त्यांनीच बोलावली होती. मग शबनममधून आक्काचा डबा निघे. ज्वारीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तेलुगू शेजारणीकडून शिकलेलं अंबाडीचं तिखटजाळ लोणचं. तिथला रखवालदार आधी तावातावाने येई, "चाचा, इधर खाना नक्को!", आणि थोड्या वेळाने सतरंजीच्या कडेवर टेकून दशमी खाताना दिसे.

आक्का स्वतः या सहलींना कधी आली नाही. पहाटे उठून दशम्या थापायच्या, डबा बांधायचा, आणि संध्याकाळी रिकामा डबा घासायचा. डबा रिकामा आला की दिवस चांगला गेला असं ती समजे. "तुम्हाला नाही का बघायचं शहर?" असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "पाहुणे संपले की मला नेणार आहेत." साडूंचे पाहुणे संपतील, असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं.

या सगळ्यांत त्यांचा लाडका होता तो गोवळकोंडा. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. किल्ल्याच्या प्रवेशाशी एका घुमटाखाली उभं राहून टाळी वाजवली, तर ती पार वर, बालेहिसारच्या माथ्यावर ऐकू जाते अशी त्याची बांधणी आहे. तिथे येणारा प्रत्येक जण टाळी वाजवतो. गाइड वाजवतात, शाळेची पोरं वाजवतात, नवरा-बायको एकमेकांकडे बघून वाजवतात. आणि वाजवून झाली की हसून पुढे जातात. साडूंना याचं फार वाईट वाटे. "हजार माणसं खाली टाळी वाजवतात साडूभाऊ. ती वर पोचली का, हे त्यांना कोण सांगणार? ऐकायला वर कुणी नको?" म्हणून ते पाहुण्यांना दारात सोडून एकटे आधी वर जात. उन्हातान्हात त्या सगळ्या पायऱ्या चढून माथ्यावर बसत. ते पोचले असतील अशा अंदाजाने आपण खाली टाळी वाजवायची आणि मग सावकाश चढायला लागायचं. दमून भागून वर पोचलं की साडू सतरंजी अंथरून बसलेले असत आणि प्रत्येकाला त्याच्या टाळीचा हवाला देत. "वहिनींची टाळी बांगड्यांसकट आली बरं का." "मास्तर, तुमची जरा रागावलेली वाटली." "ही पोरटी दोन टाळ्या वाजवून मोकळी झाली, पण दुसरी जास्त छान होती." खोटं असेल, खरं असेल. पण पाहुण्यांचे चेहरे मी बघितले आहेत. आपली टाळी कुणीतरी ऐकली, एवढ्यावर माणूस केवढा सुखावतो!

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहितो आहे ती सांगतो. आमच्या नात्यागोत्यात, मंडळात, लग्नाकार्यात ज्यांनी ज्यांनी "साडू आणि गोवळकोंडा" ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकली आहे आणि पोट धरून हसले आहेत, त्या सगळ्यांनी कृपा करून ही दुसरी बाजूही ऐकावी.

माझा एक चुलतभाऊ पुण्याला मोठ्या हुद्द्यावर होता. लहानपणापासून आमच्या घरात त्याची उदाहरणं मला दिली जात. तो बायकोला घेऊन पहिल्यांदाच माझ्याकडे आला, तेव्हा माझी जी धांदल उडाली ती आज आठवली तरी लाज वाटते. साडूंना मी कळवलं नव्हतं. तरी ते सकाळी सतरंजी घेऊन हजर झाले. चुलतभावाने भाड्याने मोठी पांढरी गाडी घेतली होती. तिच्यात साडू पुढे बसले आणि ड्रायव्हरला शहर समजावत राहिले. एप्रिलचं ऊन होतं. किल्ल्याच्या दारात उतरल्यावर साडू म्हणाले, "मी होतो पुढे. तुम्ही सावलीत उभे राहा आणि थोड्या वेळाने टाळी द्या." आणि खांद्यावर सतरंजी, शबनममध्ये सगळ्यांचा डबा घेऊन चढायला लागले. तेव्हाही ते काही तरुण नव्हते.

ते दिसेनासे झाले. ते वर पोचले असावेत इतका वेळ सावलीत काढल्यावर चुलतभाऊ घाम पुसत म्हणाला, "काय रे, हे गृहस्थ नेहमीच असे?"

मी हसलो. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते. "जरा तसेच आहेत," मी म्हणालो.

"मग आपण कशाला त्यांच्या नादी लागायचं? किल्ला काय, बघितला की. एखाद्या थंड हॉटेलात चल, बिर्याणी खाऊ."

"आणि ते?" वहिनींनी विचारलं. म्हणजे विचारणारं तिथे कुणी होतं. मीच म्हणालो, "ते येतील खाली. त्यांना बसने यायची सवय आहे."

टाळी वाजवायला कितीसा वेळ लागतो? निदान तेवढी तरी वाजवायची. पण टाळी दिली असती तर चढावं लागलं असतं. आम्ही गाडीत बसलो आणि टोलीचौकीच्या एका हॉटेलात जाऊन जेवलो. मग मोत्यांची दुकानं झाली, मग चुलतभावाला झोप आली. साडूंकडे मोबाइल नव्हता. परत जाऊन बघावं असं माझ्या दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा चुलतभावाने काहीतरी विनोद केला.

दिवेलागणीला आक्काचा फोन आला. हे अजून आले नाहीत. मी बायकोला घेऊन नल्लकुंट्याला गेलो. आम्ही पोचलो आणि मागोमाग साडू जिना चढून आले. चेहरा उन्हाने काळवंडला होता, ओठ सुकले होते. आक्काने त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडे वळली. "काय झालं भाऊजी? तुम्ही सगळे घरी आणि हे एकटे?"

बायको माझ्याकडे बघत होती. आक्का बघत होती. साडू फक्त पाणी पीत होते. आणि मी म्हणालो, "अहो, आम्ही किती टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या. वहिनींना ऊन लागलं म्हणून शेवटी निघालो. साडूभाऊ वर जाऊन आम्हाला विसरलेच वाटतं!"

साडूंनी भांडं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग ते आक्काला म्हणाले, "हौ. ऐकली मी टाळी. जरा बसू म्हणालो आणि बसूनच राहिलो बघ."

आक्काने शबनममधून डबा काढला. तो जड होता. उघडून बघितला तर दशम्या जशाच्या तशा. "अहो, जेवायचंसुद्धा विसरलात?"

"हौ," साडू म्हणाले. "विसरलो."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्याच महिन्यात एका मुंजीत कुणीतरी साडूंचा विषय काढला, आणि मी ती गोष्ट सांगितली. लोक हसले. पुढच्या लग्नात मी तिला थोडी झालर लावली. मग गोष्टीत रखवालदार आला, "चाचा, उठो, बंद होरा" असं म्हणून त्याने साडूंना गदागदा हलवलं, साडूंनी डोळे चोळत त्यालाच "मेहमान उठले का?" म्हणून विचारलं. दर वेळी नवा मजकूर. पुढे पुढे लोक मला आग्रह करायला लागले. पंगत उठली की "साडूभाऊंचा गोवळकोंडा होऊन जाऊ द्या!" आणि साडू स्वतः तिथेच बसलेले असत, सगळ्यांबरोबर हसत. एकदा तर मला मध्येच थांबवून म्हणाले, "रखवालदार नाही साडूभाऊ, फुगेवाला करा. तो जास्त शोभेल." मी फुगेवाला केला. खरंच जास्त हशा आला.

त्या हशाने काय काय नेलं हे मला हळूहळू कळलं. पाहुणे कमी झाले. "नको बाई, ते कुठे तरी बसून राहतील आणि आपण उन्हात," असं बायका आपापसांत बोलायच्या. पुण्याच्या आयटीतल्या नव्या पोरांना तर फोनवर गाडी मिळायला लागली होती, त्यांना साडू नकोच होते. पण बाहेरच्यांचं एक वेळ सोडून देऊ. आक्काच्या मनात भीती बसली. टाळी ऐकू येऊनही माणूस बसून राहतो, जेवण जवळ असून जेवायचं विसरतो, म्हणजे हे दुखणं साधं नव्हे. त्यानंतर साडूंचा चष्मा सापडला नाही की ती धास्तावे. चष्मा कुणाचा हरवत नाही? तिने त्यांना एकटं बाहेर सोडणं बंद केलं. सतरंजी उचलून माळ्यावर टाकली. मला विचारून टाकली, हेही सांगायला हवं. "भाऊजी, तुम्हीच सांगा, यांना आता पाठवू का बाहेर?" असं तिने विचारलं होतं आणि मी म्हणालो होतो, "जपलेलं बरं."

साडूंनी तक्रार केली नाही. एक शब्द उच्चारला असता तर ते मोकळे झाले असते आणि मी उघडा पडलो असतो. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. रविवारी मी गेलो की विचारत, "कुणी येणार आहे का पुण्याहून?" मी नाही म्हणे. मग ते खुर्ची फिरवून टीव्हीकडे पाठ करून बसत आणि मालिका बघणाऱ्या आक्काकडे बघत राहत. "टीव्ही नाही बघत?" मी एकदा विचारलं. "मालिका रोज तेच करते साडूभाऊ," ते म्हणाले. "ही रोज वेगळी रडते." आक्काने डोळे पुसता पुसता त्यांच्या दिशेने उशी फेकली होती.

गेल्याच्या गेल्या वर्षी ते झोपेत गेले. शेवटपर्यंत त्यांना केळेवाल्याच्या नातवाचं नावसुद्धा आठवत होतं. पण आक्का आल्यागेल्याला सांगायची, "गोवळकोंड्यापासूनच त्यांचं विसरणं सुरू झालं बघा." मी शेजारी बसून चहा घेत असे.

या हिवाळ्यात तिने हेच वाक्य माझ्या बायकोजवळ म्हटलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हणालो, "आक्का, गोवळकोंडा बघायचा का? मी नेतो." ती म्हणाली, "डबा करते."

आम्ही दोघंच गेलो. गाडीतून उतरताना बघितलं तर तिच्या हातात ती निळ्या पट्ट्यांची सतरंजी होती. सुतळीची गाठ साडूंनी बांधलेली, तशीच. तिला चढणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "तुम्ही इथे घुमटाखाली थांबा. मी वर जातो. थोड्या वेळाने टाळी वाजवा." ती माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणाली, "जमेल का?" मी म्हणालो, जमवतो.

कसा चढलो ते माझं मला ठाऊक. वर वारा होता. खालून टाळ्या येत होत्या, एकामागून एक, इतक्या की पावसाच्या थेंबांसारख्या त्या कुणाच्या म्हणून वेगळ्या करता येईनात. बांगड्यांचा आवाज येतो का म्हणून कान दिले. नाही आला. लोक कठड्याशी उभे राहून शहराचे फोटो काढत होते. मला साडूंची आठवण झाली, आणि त्यांनी शिकवलं होतं तसं मी भिंतीला पाठ टेकवून उभा राहिलो. किल्ला काय बघतो ते बघू म्हटलं.

किल्ला दरवाजाकडे बघतो. दुसऱ्या कशाकडे बघणार? येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायलाच तो बांधलेला. खालचं दार, त्यापुढचा रस्ता, झाडाखालच्या गाड्या, सगळं तळहातावर ठेवल्यासारखं दिसत होतं. एक पांढरी गाडी वळून बाहेर पडली. ती रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत मला दिसत राहिली.

म्हणजे त्यांनी बघितलं होतं. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आलो होतो की दुसऱ्याच कुणाची टाळी त्यांनी आमची समजून ऐकली असेल. त्यांनी टाळी ऐकली नव्हती, गाडी जाताना बघितली होती. आणि तरी डबा न उघडता ते संध्याकाळपर्यंत तिथे बसले. आम्ही गेलो हे त्यांना वरून दिसलं असणार. परत येणार नाही, हे मात्र वरून दिसत नाही.

उतरायला मला फार वेळ लागला. आक्का दारातल्या हिरवळीवर सतरंजी अंथरून बसली होती. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, "आक्का, साडूभाऊ त्या दिवशी विसरले नव्हते. आम्ही टाळी वाजवलीच नाही. त्यांना वर सोडून जेवायला गेलो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "जेवायला?"

"हो."

"त्यांच्याजवळ डबा होता की."

आक्काने डबा जवळ ओढला.

"मी त्यांना म्हणाले होते, जेवायचंसुद्धा विसरलात," आक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मग मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा एकटं सोडलं नाही भाऊजी. दूध आणायला जातो म्हणाले तरी मागे जायची. तुम्हाला विचारून ही सतरंजी माळ्यावर टाकली."

"हो आक्का."

"आणि तुम्ही लग्नालग्नात सांगत होतात."

"हो."

शाळेची पोरं आली, घुमटाखाली टाळ्या वाजवून ओरडत वर पळाली. ती गेल्यावर आक्काने विचारलं, "माझी टाळी ऐकू आली का?"

साडू असते तर काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. तेच उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. "नाही," मी म्हणालो. "खूप टाळ्या येत होत्या. तुमची कुठली ते नाही कळलं."

"त्यांना कळली असती," आक्का म्हणाली.

मग तिने डबा उघडला. दशम्या होत्या, चटणी होती, ते लोणचं होतं. एक दशमी माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "बसा. खा. आज डबा परत न्यायचा नाही."

मी सतरंजीच्या कडेवर बसलो. आमच्या दोघांचीही पाठ किल्ल्याकडे होती.